अबेलुंगू : म्पोंडो किनाऱ्यावरच्या एका कुळनावाचा उगम

दक्षिणायन

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात, म्झिम्वुबू नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या म्पोंडो लोकांच्या प्रदेशात आणि त्याला लागून असलेल्या बोम्वाना लोकांच्या किनाऱ्यावर ‘अबेलुंगू’ नावाचे एक कुळ राहते. खोसा भाषेत उम्लुंगू म्हणजे गोरा माणूस आणि अबेलुंगू हे त्याचे अनेकवचन. तरीही या कुळातली माणसे भाषेने, शेतीने, गुराढोरांनी किंवा पितरांच्या विधींनी शेजाऱ्यांपेक्षा निराळी नाहीत. समुद्रात जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या परदेशी माणसांपासून आपण उत्पन्न झालो, असे ती सांगतात, आणि शेजाऱ्यांनाही ते मान्य असते.

येथील मराठी मंडळींच्या वार्षिक अंकासाठी मी या प्रांतातल्या कुळनावांवर लिहीत आहे. अबेलुंगूंविषयी एक वाक्य पर्यटनाच्या माहितीपत्रकांपासून वर्तमानपत्री लेखांपर्यंत सगळीकडे आढळते, ते असे : ‘अबेलुंगू हे ग्कुमा नावाच्या इंग्रज मुलीचे वंशज असून ती १७८२ साली बुडालेल्या ग्रोव्हनर जहाजावरून आली होती.’ या वाक्याचा एकही भाग टिकत नाही, असे माझे मत आहे. मात्र ते छापण्यापूर्वी इतिहास आणि मानवशास्त्र जाणणाऱ्या सदस्यांनी ते तपासून पाहावे, अशी विनंती आहे.

(ग्कुमा या नावातला पहिला ध्वनी जीभ टाळूवरून सोडून काढायचा असतो. देवनागरीत तो बसत नाही, त्यामुळे उच्चारासाठी कोणी मला धरू नये.)

तिरकस

ज्या देशात कातडीचा रंग पाहून माणसाने कोणत्या बाकावर बसायचे ते ठरत असे, त्या देशात ‘गोरे’ असे नाव लावणारे एक कुळ काळ्यांच्या बाकावर बसत होते, हे वाचून फार समाधान झाले. आमच्या आळीत गोरे नावाचे गृहस्थ चांगले सावळे होते आणि त्यांचे घरमालक काळे लख्ख गोरे होते, पण त्यावर कोणी लेखमाला लिहिली नाही.

अश्मक

आधी ग्रोव्हनरचा प्रश्न निकालात काढू, कारण तो नुसत्या सालांवर सुटतो.

ग्रोव्हनर हे ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज हिंदुस्थानातून इंग्लंडला परतत असताना ४ ऑगस्ट १७८२ रोजी लंबासीजवळच्या खडकांवर आदळले. सव्वाशेच्या आसपास माणसे जिवंत किनाऱ्याला लागली आणि त्यांनी पायी नैऋत्य टोकाच्या केपची, म्हणजे तिथल्या डच वसाहतीची, वाट धरली, पण त्यांपैकी अवघी १८ त्या वसाहतीपर्यंत पोहोचल्याचे सांगितले जाते. उरलेल्यांत काही स्त्रिया आणि मुले होती, आणि त्या स्त्रिया म्पोंडोंच्या ताब्यात जिवंत आहेत, अशा वदंता केप वसाहतीत आणि लंडनमध्ये पुढे वर्षानुवर्षे चालू राहिल्या. त्यांचा छडा लावण्यासाठी १७९० साली जेकब व्हॅन रीनन यांच्या पुढाकाराने बैलगाड्यांचा एक तांडा केपहून निघाला. त्याची रोजनिशी कॅप्टन रिऊ यांनी १७९२ साली लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली.

या तांड्याला ग्रोव्हनरची कोणतीही स्त्री सापडली नाही. सापडली ती मिश्र वंशाच्या लोकांची एक वसाहत, आणि तिच्यात तीन वृद्ध गोऱ्या स्त्रिया. लहानपणीच जहाज फुटून त्या किनाऱ्याला लागल्या होत्या, आणि आपण कोणत्या देशाच्या हे त्यांना सांगता येत नव्हते. आता हिशेब पाहा. ग्रोव्हनर फुटून तेव्हा फक्त आठ वर्षे झाली होती, आणि या स्त्रियांना तर मुले-नातवंडे होती. त्यांतली एक ग्कुमा होती असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे तिचे जहाज ग्रोव्हनरच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फुटले असले पाहिजे.

व्हॅन रीनन यांनी त्यांना केपला नेण्याची तयारी दाखवली. स्त्रियांनी आनंदाने होकार दिला, पण पीक घरात आल्याशिवाय निघता येणार नाही, आणि निघू तेव्हा मुलेबाळे व गुरे घेऊन सगळेच निघू, असे सांगितले. त्या कधीच गेल्या नाहीत. म्पोंडोलँडमध्ये परके म्हणून कोण उरले होते आणि कोण नव्हते, याचे उत्तर मला त्या पिकाच्या अटीतच दिसते.

बकुळा

अश्मक, ग्रोव्हनर गेले हे पटले. पण ग्कुमा का गेली ते कळले नाही. सातेक वर्षांची मुलगी परक्या किनाऱ्याला लागते, समुद्राच्या गर्जनेवरून तिला नवे नाव मिळते, मोठी होऊन ती चोमाने कुळाच्या प्रमुखाची पत्नी होते, तिचा मुलगा म्देपा पुढे स्वतः प्रमुख होतो. एवढी ठळक स्त्री समोर असताना ‘गोरे’ या कुळनावाचा उगम दुसरीकडे शोधायचा, हे मला बायकांची नावे वंशावळीतून पुसण्याच्या जुन्या सवयीसारखे वाटते.

ओसरी

बकुळा, तुमचा राग समजतो. मात्र येथे नाव पुसण्याचा प्रश्न नाही, नाव कोणत्या वाटेने जाते याचा आहे.

म्पोंडो, थेंबू, खोसा या सर्व समाजांत इसिदुको, म्हणजे कुळनाव, बापाकडून मुलांना मिळते. मुलगी लग्न करून गेली तरी स्वतःचे कुळनाव सोडत नाही, उलट सासरी तिला तेच नाव आदराने लावून हाक मारतात. विनी माडिकिझेला-मंडेला या म्पोंडोलँडमधल्या बिझानाच्या. त्यांचे कुळ न्गुत्याना होते आणि थेंबू घरात लग्न होऊनही त्या मान्गुत्याना राहिल्या. पण स्त्रीची मुले मात्र तिच्या कुळाची नसतात, बापाच्या कुळाची असतात.

हा नियम ग्कुमाला लावून पाहा. तिचा नवरा चोमाने, म्हणून तिचा मुलगा म्देपा चोमाने, म्देपाची मुले चोमाने. ग्कुमाच्या मुलींची मुले ज्या ज्या कुळांत त्या मुली गेल्या त्या कुळांची. ग्कुमाचे रक्त ईस्टर्न केपमधल्या कितीतरी राजघराण्यांत पोहोचले असेल, परंतु अबेलुंगू हे नाव तिच्याकडून कोणालाही मिळू शकत नाही. ते मिळायला बाहेरून आलेला पुरुष लागतो.

आणि असे पुरुष परंपरेत आहेतच. अबेलुंगू आपली कुळस्तुती म्हणतात तेव्हा मूळपुरुष म्हणून जेक्वा आणि हातू यांची नावे घेतात. जॉन हेंडरसन सोगा यांनी १९३० साली खोसाभाषक समाजांचा जो इतिहास प्रसिद्ध केला, त्यात या कुळाला स्वतंत्र जागा दिली आहे, आणि तेथेही ही नावे येतात. कुळ जेक्वा आणि हातूंचे, कीर्ती ग्कुमाची, अशी ही विभागणी आहे. बाहेरच्या लेखकांना राणीची कथा आवडली आणि त्यांनी कुळही तिच्या नावे जमा केले.

दक्षिणायन

ओसरीताई, माझे म्हणणे माझ्यापेक्षा स्वच्छ मांडल्याबद्दल आभार. त्याला एक पुरवणी जोडतो. म्देपा कल्पित माणूस नव्हे. १८२०च्या दशकात वेस्लियन मिशनरी त्याच्या प्रदेशात पोहोचले तेव्हा तो अतिशय वृद्ध होता, आणि त्याच्याच लोकांत १८२९ साली मॉर्ली हे मिशन उभे राहिले. तेव्हाच्या लिखाणात त्याची ओळख गोऱ्या स्त्रीचा मुलगा अशी करून दिलेली आहे, पण तो प्रमुख आहे तो चोमानेंचा. 

नगरवाला

आपल्या देवकासारखेच म्हणायचे का हे? देवक एक असेल तर सोयरीक नाही.

ओसरी

नगरवाला, सोयरिकीपुरते बरेचसे तसेच, पण त्यांचे नियम अधिक कडक आहेत. बापाच्या कुळात लग्न वर्ज्य, आईच्या कुळातही वर्ज्य, आणि दोन्ही आज्यांची कुळेही टाळण्याची रीत आहे. म्हणून दोन अनोळखी तरुण-तरुणी भेटली की आधी इसिदुको विचारतात, आडनाव नंतर.

आईचे कुळ येथे येते, हे बकुळा यांच्यासाठी मुद्दाम सांगते. आई अबेलुंगू असेल तर मुलाला अबेलुंगूंत लग्न करता येत नाही. म्हणजे स्त्रीकडून नाव जात नसले तरी निषेध जातो, आणि निषेध पाळायचा तर आईचे, आजीचे कुळ लक्षात ठेवावेच लागते.

बकुळा

निषेधाच्या रूपाने का होईना, बाई लक्षात राहते म्हणायची. घेते मान्य करून, पण तक्रार कायम ठेवून.

काळवीट

एक प्राथमिक शंका. कुळनाव आणि आडनाव वेगळे कसे? दोन्ही बापाकडूनच येतात ना?

दक्षिणायन

दोन्ही बापाकडूनच येतात, पण वये फार निराळी आहेत. कुळनाव जुने आहे. आडनाव, ज्याला येथे इफानी म्हणतात, ते मिशनऱ्यांच्या बाप्तिस्मा-नोंदी, झोपडीकर, न्यायाधीशांची दप्तरे आणि शाळांचे हजेरीपट यांच्याबरोबर आले, आणि बहुतेक वेळा नोंद झाली त्या वेळच्या बापाचे किंवा आजोबांचे नाव तेथे गोठले. सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण नेल्सन मंडेला यांचे. मंडेला हे त्यांच्या आजोबांचे नाव, ते आडनाव झाले. माडिबा हे अठराव्या शतकातल्या एका थेंबू प्रमुखाचे नाव, ते कुळनाव. लोक त्यांना प्रेमाने माडिबा म्हणत, ते आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना टोपणनाव वाटले. ती कुळाच्या नावाने मारलेली आदराची हाक होती.

म्हणूनच एका आडनावाची दोन कुटुंबे निरनिराळ्या कुळांची असू शकतात, आणि अबेलुंगू कुळातल्या माणसांची आडनावे ऐकून त्यांच्या मूळपुरुषांचा काही थांग लागत नाही.

मांडवी

गोव्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण हा किनारा आमच्याही जहाजांची स्मशानभूमी आहे.

पोर्तुगीजांची हिंदुस्थानातून लिस्बनला परतणारी गलबते मिरी, कापड आणि चिनी मातीची भांडी यांनी इतकी लादलेली असत की वादळात ती सावरणे कठीण होई. कोचीनहून निघालेले साव जुआंव १५५२ साली आजच्या पोर्ट एडवर्डच्या परिसरात फुटले, आणि कोचीनहूनच निघालेले साव बेंतो १५५४ साली म्सिकाबा नदीच्या मुखाशी, म्हणजे थेट म्पोंडोलँडच्या किनाऱ्यावर. १६३५ साली गोव्याहून निघालेले नोसा सेन्योरा दे बेलेम याच ट्रान्स्काय (ईस्टर्न केपचा पूर्वेकडचा भाग) किनाऱ्यावर फुटले, आणि त्यावरच्या लोकांनी जंगलातले लाकूड तोडून नव्या होड्या बांधल्या. पोर्ट सेंट जॉन्स या गावाचे नाव साव जुआंववरूनच पडले असे मानणारे बरेच आहेत, जरी ते जहाज प्रत्यक्षात पुष्कळ ईशान्येला फुटले होते.

त्या वाळूत मिंग काळातल्या चिनी भांड्यांचे तुकडे आणि लाल अकीकाचे मणी सापडत आले आहेत. अकीकाच्या मण्यांचे त्या काळातले मोठे केंद्र आपले खंबायत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हे मणी व्यापारातूनही जात, पण म्सिकाबाचे मणी फुटलेल्या जहाजांतले आहेत.

मुद्दा असा की म्पोंडोंना समुद्राने आणून टाकलेला माणूस ही नवलाई नव्हती. १६८६ साली स्टॅवेनिसे हे डच जहाज म्पोंडोलँडच्या ईशान्येला असलेल्या नाताळ प्रदेशाच्या किनाऱ्यावर फुटले, तेव्हा त्यावरच्या लोकांना एक म्हातारा पोर्तुगीज भेटला. चाळीस वर्षांपूर्वी तो असाच किनाऱ्याला लागला होता. त्याला बायको, मुले, गुरे होती आणि तो स्वतःची भाषाच नव्हे तर आपला देवही विसरला होता, असे डचांनी लिहून ठेवले आहे. त्याच्या मुलांचे कुळ कोणते झाले असेल?

तिरकस

ग्रोव्हनरवर शहाजहानचे मयूरासन होते, त्याचे काय झाले? ते विषयांतर नाही. मूळपुरुष सिंहासनासह आला असेल तर कुळाला वजन येते.

अश्मक

तिरकस, मयूरासन १७३९ साली नादिरशहाने दिल्लीहून नेले. त्यानंतर ते ग्रोव्हनरवर कसे चढले हे सांगायची तसदी अफवा पसरवणाऱ्यांपैकी कोणीही घेतलेली नाही. तरीही त्या आशेवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कंपन्या निघाल्या, भागभांडवल गोळा झाले, आणि विसाव्या शतकात किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाखाली बोगदाही खोदला गेला. भागधारकांना सिंहासनाचा पायासुद्धा मिळाला नाही.

या अफवेने एक खरे नुकसान केले. ग्रोव्हनर हे नाव इतके गाजले की त्या किनाऱ्यावरची प्रत्येक विचित्र गोष्ट त्याच एका जहाजाच्या खात्यावर टाकली गेली, आणि त्यात अबेलुंगूही गेले.

राजापूरकर_१

इतके सगळे वाचून एक आशा वाटू लागली आहे. ग्रोव्हनरवर हिंदी खलाशी, म्हणजे लस्कर, होते असे वाचल्याचे आठवते. त्यांतले कोणी तिथेच राहिले असतील का? आमच्या रत्नागिरी-राजापुराकडच्या दर्यावर्दींनी जगभर जहाजे चालवली आहेत, तेव्हा म्पोंडोलँडमध्ये एखादे कोकणी मूळ निघाले तर मी तरी नवल करणार नाही.

ओसरी

राजापूरकर, हिंदी मूळ सांगणारे एक कुळ तिथे आहे, आणि ते अबेलुंगूंच्या शेजारीच नांदते. त्याचे नाव अमामोलो. त्यांच्या परंपरेत भायी नावाचा मूळपुरुष आहे. तोही समुद्रातून आला, पण तो गोरा नव्हता. पूर्वेकडचा होता, असे सांगतात. व्हॅन रीनन यांच्या रोजनिशीतही त्या मिश्र वसाहतीचे वर्णन करताना गोऱ्यांच्या बरोबरीने मिश्र रंगाच्या गुलामांचे आणि ईस्ट इंडीजमधल्या लोकांचे वंशज असल्याचे नोंदवले आहे. तेव्हा परंपरा आणि लेखी नोंद येथे एकमेकींना पूरक आहेत.

राजापूरकर_१

भायी! म्हणजे भाईच की! आमच्याकडे घरटी एक भाई असतो.

अश्मक

राजापूरकर, उत्साहावर पाणी ओतायचे नाही, परंतु नुसत्या उच्चारसाम्यावर कोकणात घर बांधू नका. दोन अडचणी आहेत.

पहिली ग्रोव्हनरची. त्यावर लस्कर होते हे खरे, आणि फुटल्यानंतर केपपर्यंत पोहोचलेल्यांतही काही लस्कर होते. पण ते जहाज मद्रासच्या बाजूने आले होते. रत्नागिरी जिल्ह्यातून खलाशांची मोठी भरती झाली ती मुंबई बंदर आणि आगबोटी यांच्या काळात, म्हणजे बऱ्याच नंतर. १७८२च्या मे महिन्यात तर सालबाईचा तह नुकताच होत होता आणि कोकणचा बराचसा किनारा कंपनीच्या हाती नव्हता.

दुसरी अडचण सालाचीच, जी ग्कुमाला लावली तीच येथे लागते. व्हॅन रीनन १७९० साली पूर्वेकडच्या लोकांचे वंशज पाहतात. ग्रोव्हनरवरच्या एखाद्या लस्कराने पोहोचताच संसार मांडला असे धरले तरी त्याचे थोरले मूल तेव्हा सात वर्षांचे असेल. नांदत्या वसाहतीत गणले जाणारे लोक त्याहून जुने असणार.

राजापूरकर_१

ठीक आहे, घर बांधत नाही. पाया खणून ठेवतो.

गुणसूत्र

मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून एवढीच भर घालतो. पुरुषांमधले वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जवळपास जसेच्या तसे जाते, आणि म्पोंडो कुळनावही त्याच वाटेने जाते. त्यामुळे बापाकडून नाव चालणाऱ्या कुळाची परंपरा तपासायला हे साधन सोयीचे पडते. एखाद्या अबेलुंगू पुरुषाचे वाय गुणसूत्र युरोपात आढळणाऱ्या गटातले निघाले, तर जेक्वा-हातूंच्या कथेला आधार मिळतो. अमामोलोंच्या बाबतीत आशियाई गट निघाला, तर भायीच्या कथेला.

मात्र त्याच्या मर्यादा दोन्ही बाजूंनी पाहाव्यात. या तपासणीतून प्रदेशाचा अंदाज येतो, जहाज किंवा गाव कळत नाही. आणि गुणसूत्र जुळले नाही म्हणून कोणी कुळाबाहेर पडत नाही. दत्तक गेलेला, आईच्या माहेरी वाढलेला, आश्रयाला येऊन कुळात सामावलेला, असे किती तरी पुरुष दोन-अडीचशे वर्षांत प्रत्येक कुळात आलेले असतात. ग्कुमाची वाट यात मुळीच दिसत नाही. तिच्यासाठी आईकडून येणारे मायटोकॉन्ड्रियाचे डीएनए पाहावे लागेल, आणि तेही मुलीच्या मुलीच्या मुलीकडे अशा एकाच धाग्याने, ज्या धाग्यावर कुळनाव कुठेच एकसारखे राहत नाही.

नगरवाला

समुद्रातून आलेले मूळपुरुष ही कथा आपल्याकडेही आहेच. बेने इस्रायल लोक अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आल्याचे सांगतात. परशुरामाने समुद्रातून वाहून आलेली प्रेते जिवंत केल्याची चित्पावनांची कथाही प्रसिद्ध आहे. मग अबेलुंगूंची कथा तरी इतिहास कशावरून?

दक्षिणायन

नगरवाला, शंका रास्त आहे. जहाज फुटण्याची कथा ठिकठिकाणी सापडते, एवढ्यावरून ती सगळीकडे खरी किंवा सगळीकडे खोटी ठरत नाही. म्पोंडो किनाऱ्यावर पुरावा तीन दिशांनी येतो. फुटलेल्या जहाजांची ठिकाणे आणि त्यांतला माल माहीत आहे. वाचलेल्यांनी लिहिलेली वर्णने आहेत. आणि १७९० साली बाहेरून आलेल्या, कुळाशी काही देणेघेणे नसलेल्या माणसांनी त्या वसाहतीला प्रत्यक्ष पाहिले आहे. जेक्वा आणि हातू कोणत्या जहाजावर होते हे त्यातून सिद्ध होत नाही, पण अशी माणसे तिथे होती आणि त्यांचा विस्तार झाला, हे होते. नवगावच्या कथेला समकालीन साक्षीदार मिळाला असता तर आपण तीही याच पद्धतीने तपासली असती.

बकुळा

मला यात वेगळेच खटकते आहे. कोणीही माणूस स्वतःला ‘गोरे लोक’ असे नाव देत नाही. ते शेजाऱ्यांनी दिलेले असणार. मग शेजाऱ्यांनी दिलेले परकेपणाचे नाव त्यांनी इतकी वर्षे का ठेवले? म्पोंडोंत मिसळून जायचे तर ते टाकून द्यायला हवे होते.

ओसरी

मला वाटते, ते ठेवल्यामुळेच त्यांना मिसळता आले.

म्पोंडो समाजात एकटा माणूस म्हणून उभे राहता येत नाही. लग्न करायचे तर तुमचे कुळ सांगावे लागते, कारण त्याशिवाय कोणती मुलगी वर्ज्य हे ठरत नाही. पितरांसाठी बकरे कापायचे, जवारीची बिअर गाळायची, तर कोणत्या नावाने पितरांना हाक मारायची हे ठरलेले असावे लागते. किनाऱ्याला लागलेल्या पुरुषाला गुरे मिळाली, बायको मिळाली, तरी त्याच्या मुलांना कुळ कुठून देणार? बायकोचे देता येत नाही. म्हणून तो स्वतःच मूळपुरुष होतो आणि त्याला लोक ज्या नावाने ओळखत ते नाव त्याच्या मुलांचे कुळ होते. दोन पिढ्यांत त्या शब्दाचा रंगाशी असलेला संबंध सुटतो. नातवंडांच्या दृष्टीने अबेलुंगू म्हणजे ज्यांच्यात आपल्याला लग्न करता येत नाही ते लोक.

परक्याला सामावून घेणे ही म्पोंडोंची सवयच होती. झुलू राजा शाकाच्या काळातल्या युद्धांनी १८२०च्या दशकात नाताळमधून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा राजा फाकूने त्यांतल्या अनेकांना जमीन दिली, आणि ते आपापल्या कुळनावांसह म्पोंडो झाले.

अश्मक

ओसरी यांच्या मुद्द्याला राजघराण्याचे उदाहरण जोडतो. म्पोंडो राजांचे कुळनाव न्यावुझा. ऐकताना ते फार प्राचीन वाटते. पण न्यावुझा हा फाकूचा आजा, आणि फाकू १८६७ साली वारला. म्हणजे राजघराण्याचे हे नाव ग्कुमाच्या काळापेक्षा फारसे जुने नाही! दंतकथेतला मूळ म्पोंडो आणि त्याचा जुळा भाऊ म्पोंडोमिसे त्याच्या कित्येक पिढ्या मागे आहेत, पण कुळ ओळखले जाते ते आजाच्या नावाने. एखादा पराक्रमी किंवा ठळक पुरुष झाला की त्याच्यापासून नवे नाव सुरू होते, ही रीत जिवंत असतानाच जेक्वा आणि हातू किनाऱ्याला लागले. त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा नियम करावा लागला नाही.

तिरकस

आणि १९५० साली वंशनोंदणीचा कायदा आला, तेव्हा कारकुनाने या गृहस्थांना काय विचारले असेल? ‘वंश?’ ‘आम्ही गोरे.’ ‘बाहेर व्हा.’

दक्षिणायन

तिरकस, हसू आले. पण तो कायदा माणसाचे दिसणे आणि समाजातली त्याची मान्यता पाहत असे, कुळनाव नव्हे. त्यामुळे अबेलुंगूही शेजाऱ्यांबरोबर ट्रान्स्कायमध्ये राखीव प्रदेशातच राहिले, त्यांनाही काळ्यांसाठी सक्तीचे असलेले तेच पास, म्हणजे परवाने, बाळगावे लागले, त्यांच्यातलेही पुरुष जोहान्सबर्गभोवतीच्या रँडच्या सोन्याच्या खाणींत गेले. नावाने कोणाची सुटका केली नाही.

आता मूळ वाक्याकडे येतो. चर्चेनंतर मी असे लिहावे म्हणतो : ‘अबेलुंगू हे अठराव्या शतकात म्पोंडो किनाऱ्याला लागलेल्या परदेशी पुरुषांना, विशेषतः जेक्वा व हातू यांना, मूळपुरुष मानणारे कुळ आहे. ग्रोव्हनरशी त्याचा संबंध जोडला जातो, पण कुळाची सुरुवात त्याआधीची आहे. त्याच किनाऱ्यावर वाढलेल्या ग्कुमाचे वंशज चोमाने कुळात आणि तिच्या मुलींच्या सासरच्या कुळांत आहेत.’ कोणाला हरकत?

अश्मक

‘मूळपुरुष मानणारे’ हे ठेवा, फार बरे आहे. ‘अठराव्या शतकात’च्या पुढे ‘पूर्वार्धात’ घालू नका. ते ग्कुमाच्या जहाजाबद्दल म्हणता येते, जेक्वा आणि हातू त्याच जहाजावर होते की दुसऱ्या, हा प्रश्न वेगळा आहे.

बकुळा

ग्कुमाचे वाक्य शेवटी टाकले आहे, ते मधे आणा.

मांडवी

अमामोलोंसाठी स्वतंत्र परिच्छेद हवा, आणि त्यात केवळ लस्करांचा विचार करू नये. पूर्वेकडचे लोक त्या किनाऱ्याला तीन वाटांनी येऊ शकत होते. एक, पोर्तुगीज गलबतांवरचे गुलाम : गोवा आणि कोचीनहून निघणाऱ्या जहाजांवर ते असत, आणि फुटल्यानंतर चालत जाणाऱ्या तांड्यांतून ते मागे राहिल्याच्या नोंदी आहेत. दोन, कंपन्यांच्या जहाजांवरचे खलाशी. तीन, केपमधून पळालेले गुलाम. डचांनी केपला आणलेल्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडलची माणसे पुष्कळ होती, आणि पूर्वेकडे पळून जाणे हा त्यांच्या सुटकेचा एक मार्ग होता. ग्रोव्हनरच्या लोकांना म्पोंडोलँडमध्ये ट्राउट नावाचा डच बोलणारा जो माणूस भेटला, तो केपहून पळालेला होता, आणि केप किती दूर आहे हे त्यांना त्यानेच सांगितले.

राजापूरकर_१

चौथी वाट राहिली. एखादा कोकणी माणूस गोव्याच्या गलबतावर चढला असेल. पाया अजून बुजवलेला नाही.

मांडवी

त्याला माझी हरकत नाही. पण मग तो पोर्तुगीज बाप्तिस्म्याचे नाव घेऊन चढला असेल, आणि भायीच्या जागी तुम्हाला एखादा पेद्रू शोधावा लागेल.